चंद्रव्वाच्या हातचं नाक

शुक्रवार पेठेतली नाकं त्या काळी सोलापुरात एक नंबर होती. हे माझं मत नव्हे, चंद्रव्वाचं. आणि ती ते मनात ठेवायची नाही. भर रस्त्यात उभी राहून बोट दाखवून सांगायची. दुकानाच्या गादीवर बसलेला जाडा वाणी, देवळातला तरुण पुजारी, कचेरीला निघालेले दोघे भाऊ, कोणीही तिच्या तावडीतून सुटायचा नाही. "त्ये बगा, माझं हाय. त्येबी माझं. त्या थोरल्याचं जरा कलतं व्हतं, सव्वा म्हैना दाबलं, आलं की सरळ!" ते दोघे भाऊ बिचारे मान खाली घालून, आपापली नाकं घेऊन झपाझप पुढे जायचे. मग मी दिसलो की मात्र चंद्रव्वा पदर तोंडाला लावायची आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायची.

कारण माझंही नाक तिच्याच हातचं होतं.

माझ्या नाकाविषयी थोडं सांगणं भाग आहे. डोळ्यांच्या मधे ते सुरूच होत नाही. पुढे कुठेतरी उशिरा सुरू होतं आणि सुरू होतं न होतं तोच दोन्ही बाजूंना पसरून संपतं. चष्मा लागल्यापासून तर हाल विचारू नका. चष्म्याला बसायला जागाच नसल्यामुळे मी तो दोऱ्यानं कानामागे बांधत असे. मी शाळेत भूगोल शिकवायचो. दख्खनचं पठार शिकवायला उभा राहिलो की मागच्या बाकावर खसखस पिकायची. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असं म्हणतात. नकट्याच्या लग्नाला किती, हे म्हणीत सांगितलेलं नाही, पण अनुभवी माणूस म्हणून मी सांगू शकतो की तीही काही कमी नसतात. माढ्याचे एक गृहस्थ मला बघून, पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेले, ते अजून कळवताहेत.

चंद्रव्वा बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायला यायची. मूळची अक्कलकोटच्या बाजूची. लग्न होऊन सोलापुरात आली आणि सासूच्या हाताखाली हे काम शिकली. उंच, काळी, हाडापेरानं दणकट. इरकली लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बांगड्या कोपरापर्यंत मागे सारलेल्या. घरात शिरली की कुणाशी न बोलता शेगडीपाशी बसायची, हात शेकायची, आणि तळवे स्वतःच्या गालाला लावून बघायची. गालाला बरं वाटलं तरच हात पोराच्या अंगाला. भांडून आली असेल तर तेलाला शिवायची नाही. "तापल्या डोक्याचा हात पोराला कळतोय," म्हणायची. तत्त्व उत्तम होतं. अडचण एवढीच की चंद्रव्वा रोजच कुणाशी तरी भांडून यायची. मग ती ओट्यावर निवत बसायची आणि आत पाणी गरम होऊन, निवून, पुन्हा गरम व्हायचं.

तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल तिच्यापाशी कुणी हळहळलं तर ती म्हणायची, "एवढी नाकं काडली की, आनी काय पायजे?"

पोरांशी मात्र ती त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलायची. कानडी घरात "अळबेड, कूसू, अळबेड" म्हणजे रडू नको बाळा, विणकरांच्या घरी तेलुगू, बाजूच्या मोहल्ल्यात "नक्को रो रे मेरे राजा". आमच्यासारख्यांच्या घरी मराठी. एकदा मी तिला विचारलं, की आठवड्याच्या पोराला भाषा काय कळते? भूगोलाच्या मास्तराला असले प्रश्न पडतात. ती म्हणाली, "त्येला न्हाय कळत. त्येच्या आयला कळती की."

तिचा दुसरा नियम म्हणजे आधी आई, मग पोर. घरोघरच्या सासवा याच्या उलट. त्यांना नातवाची घाई. चंद्रव्वा ऐकायची नाही. "दमल्याली आय, रडकं पोर," एवढं बोलून ती बाळंतिणीची पाठ धरायची. करडईचं कोमट तेल, कमरेपासून मानेपर्यंत अंगठ्यांची रेघ, मग पोटऱ्या, मग तळपाय. शेवटी कढत पाणी, ओव्याची धुरी आणि पोटाला घट्ट पट्टा. बाळंतीण तिथल्या तिथे घोरायला लागायची. मग चंद्रव्वा पाटावर पाय लांब करून बसायची, पोराला नडग्यांवर घ्यायची आणि टाळूवर तेल थापायची. छाती, पोट, पाठ, एक हात उजवा, एक पाय डावा असा कात्रीसारखा व्यायाम. आणि सरतेशेवटी, देवाला नैवेद्य दाखवावा तसं, नाक.

तिचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. ती पोरांच्या कानात आणि नाकात तेल सोडायची. एका घरी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं आणि तिचा हातच धरला. तेल छातीत उतरतं, पोर गुदमरतं, असं त्यांनी तिला बजावलं. पेठेला वाटलं, आता महाभारत होणार. चंद्रव्वा ओट्यावर जाऊन बसली, बराच वेळ निवली आणि आत येऊन म्हणाली, "बरं. न्हाय घालत." पुन्हा तिनं कधी घातलं नाही. डॉक्टरीणबाईंनीही तिच्या चोळण्याची तारीफ केली. पोरं शांत झोपतात, अंग धरतात, आईची कंबर सुधारते, हे त्यांनी मान्य केलं. "आणि नाक?" चंद्रव्वानं विचारलं. डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या. ते हसणं म्हणजे होकार, असं चंद्रव्वानं पेठभर सांगितलं.

आता अशा बाईच्या कारकिर्दीत माझ्यासारखं नाक म्हणजे भर बाजारात लावलेली उलटी पाटी. ते झाकण्यासाठी ती दर वेळी नवं कारण द्यायची. वाण्याच्या बायकोला सांगितलं, की याच्या आईनं गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही. विणकरांकडे सांगितलं, की गड्ड्याच्या यात्रेत याला वारं लागलं. कुणाला सांगितलं, की पोर पालथं निजायचं, ऐकायचंच नाही. हे शेवटचं माझ्या कानावर आलं तेव्हा मला वाईट वाटलं. तीन महिन्यांचा असताना मी इतका हट्टी होतो हे मला ठाऊक नव्हतं. आई मात्र ही कारणं ऐकायची आणि चंद्रव्वाला चहा द्यायची.

अखेर जेऊरच्या एका सहृदय गृहस्थांनी मला मुलगी दिली. तिचं नाव गोदावरी. आमचं पहिलं मूल तिच्या माहेरी झालं. मुलगा होता. बारशाच्या आधीच गेला. पहाटे गोदावरीला जाग आली तेव्हा तो तिच्या कुशीत गार पडला होता. का गेला ते कुणालाच कळलं नाही. गोदावरीनं मात्र ठरवून टाकलं, की आपल्या हातालाच यश नाही.

दुसऱ्या खेपेला तिची आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. इवलीशी, सुरकुतलेली, माझ्या हाताच्या पंजात मावेल अशी. म्हणजे मावली असती. मी हातात घेतली नाही. माझी छाती होत नव्हती. आणि गोदावरीही घेत नव्हती. दूध पाजायला आई पोरीला तिच्याजवळ धरायची, तेवढ्यापुरती ती डोळे मिटून पाजायची आणि लगेच भिंतीकडे वळायची. पोरीला हात म्हणून लावायची नाही. दूध पुरत नव्हतं, पोर रडून रडून दमत होती आणि दमली की इतकी गप्प पडायची, की मी दाराआडून तिचा श्वास बघत उभा राहायचो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीला ऊब पाहिजे, आईचं अंग पाहिजे. त्याला औषध त्यांच्याकडेही नव्हतं. मी दारात उभा राहून गोदावरीला समजावायला गेलो. काय बोलावं याची मी टिपणं काढली होती. पहिलं वाक्य बोललो आणि तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं. वर्गात निदान मुलं हसतात तरी.

चंद्रव्वा रोज येत होती. आल्यापासून तिनं कुणाच्याही नाकाचा विषय काढला नव्हता, की कुणाशी भांडली नव्हती. तेवढ्यावरूनच मी काय ते ओळखलं होतं. ती गोदावरीची पाठ चोळायची, चोळत राहायची. एकदा तेल लावता लावता गोदावरी हुंदके देऊन रडायला लागली. आई धावत गेली, तर चंद्रव्वानं तिला हातानंच बाहेर जायला सांगितलं. "रडू दे आक्का. पाटीत साटलंय सगळं." मग पोरीला घेऊन बसायची आणि अगदी हलक्या हातानं, फुंकर घालावी तसं तेल फिरवायची. गोदावरी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

असे काही दिवस गेले. पोर काही अंग धरीना. एके दिवशी सकाळी, गिरणीचा भोंगा होऊन गेला होता, मी मोरीशी पाण्याचं घंगाळ ठेवत होतो. आतून चंद्रव्वाचा आवाज आला, "पोरी, उट. पाय लांब कर." मग काहीतरी हालचाल, आणि गोदावरीची किंकाळीच आली म्हणा ना. "नको! चंद्रव्वा, उचला हिला! माझ्याच्यानं नाही होणार!"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. चंद्रव्वानं पोरीला उघडीच्या उघडी गोदावरीच्या पायांवर ठेवलं होतं आणि स्वतः हात मागे बांधून उभी राहिली होती.

"लाव तेल."

"माझ्या हातून काही झालं तर?"

"काय बी हुत न्हाय."

"तुम्हाला काय ठाऊक? तुमच्या हातून कधी काही झालंय का?"

पोर पायांवर कुईकुई करत होती आणि गोदावरीचे दोन्ही हात हवेत होते. मग चंद्रव्वा एकदम दाराकडे वळून ओरडली, "मास्तर! फटीतनं काय बगताय, आत या!"

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आई स्वयंपाकघरातून "अगंबाई" म्हणाली. पण चंद्रव्वापुढे कुणाचं चाललंय? मी आत गेलो, हातात घंगाळ तसंच.

"खाली ठिवा त्ये. बसा हितं. चष्मा काडा. तोंड उजेडाकडं करा."

मी केलं. चंद्रव्वानं माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड खिडकीकडे वळवलं.

"पोरी, बग ह्येच्याकडं. ह्यो माझा पयला. माझी सासू तापानं पडली व्हती आन् आक्काकडनं बोलावणं आलं. मी नवी नवरी, सोळा वर्साची. ह्येला पायावर घेतला आन् माजं हात असं कापाय लागलं, असं! वाटलं, दाबलं तर मोडंल. टाळू लबलब करतीया, ह्यो डोळं फिरवतोय. रोज सासूला सांगायची, दाबलं म्हून. दाबलंच न्हाय. नाकाला हातच लावला न्हाय म्या. भ्याले." तिनं माझी हनुवटी आणखी वर केली. "गिराण न्हाय, वारं न्हाय, काय न्हाय. मी भ्याले म्हून ह्ये असं झालं. बग की! बग नीट! आय भ्याली म्हंजे पोराचं असं हुतंय!"

आणि तिनं अंगठ्यानं माझं नाक दाबून दाखवलं, की इथे, इथे दाबायला हवं होतं.

मी उजेडाकडे तोंड करून, डोळे बारीक करून बसलो होतो. चष्म्याविना मला समोरचं नीट दिसत नव्हतं. पण गोदावरी माझ्याकडे बघते आहे हे कळत होतं. लग्नानंतर इतकी वर्षं तिनं मोठ्या मनानं ते नाक नजरेआड केलं होतं. आता ते तिच्यापुढे नमुना म्हणून मांडलं होतं, शाळेतल्या पृथ्वीच्या गोलासारखं. आधी तिचा ओठ हलला. मग खांदे. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना, आणि हसता हसता ती रडायला लागली, आणि पायांवरची पोर घसरू नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी तिला धरलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. आमच्याकडे नाक माझं दाबलं आणि तोंड बायकोचं उघडलं.

चंद्रव्वानं तेलाची वाटी पुढे सरकवली. "आदी हात शेक. गालाला लावून बग. आता छातीवरनं खाली. व्हय. असंच. आगं दाब की, लोणी हाय का ती? व्हय..." गोदावरीचे तळवे पोरीच्या छातीवरून खाली आले. पोर रडायची थांबली आणि डोळे मोठे करून वर बघायला लागली. मी तिथेच बसून राहिलो. मला कुणी जा म्हटलं नाही. माझी सगळ्यांना आठवणच राहिली नव्हती, आणि नाकाच्या बाबतीत एवढी सोयीची वेळ माझ्यावर पुन्हा कधी आली नाही.

त्या दिवसापासून पोरीला तेल आईच लावायची. चंद्रव्वा येऊन पाटावर बसायची, चहा प्यायची आणि चुका काढायची. दूध वाढलं, पोर झोपायला लागली, मांड्यांना वळ्या पडल्या. तेलानं काय झालं आणि आईच्या हातानं काय झालं, याची वाटणी मला करता येत नाही. माझी मुलगी जगली. चंद्रव्वाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, मग तिनं पेठभर मला नमुना म्हणून मिरवलं असतं तरी चाललं असतं. तिनं ते तसंही केलं. भित्री आई भेटली की ती निरोप धाडायची, "मास्तरला जरा लावून द्या." दोनचार घरांत मी जाऊन उजेडाकडे तोंड करून बसून आलो. वर्गात शिकवलेलं कुणाच्या किती कामी आलं, देव जाणे, पण नाक कामी आलं.

पुढे शकू, म्हणजे आमची मुलगी, शाळेत जायला लागली. चंद्रव्वाला मोतीबिंदू झाला, काम सुटलं आणि ती विणकरांच्या आळीत भाच्याकडे राहायला गेली. ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा एका रविवारी आम्ही तिघं भेटायला गेलो. अंगणात बाजेवर पडली होती. आतून मागाची खटखट चालू होती. गोदावरीनं काही न विचारता तिचे पाय मांडीवर घेतले, आपले तळवे गालाला लावून पाहिले आणि बरोबर आणलेली तेलाची बाटली उघडली.

"गोदा व्हय," चंद्रव्वा म्हणाली. "दाब की. लोणी हाय का मी?" मग जरा वेळानं, "पोरगी कुटाय? हिकडं ये गं. नाक कसं आलंय, बगू दे."

मी गोदावरीकडे पाहिलं. कारण सांगायचं राहिलं, गोदावरीनं सव्वा महिना रोज, चंद्रव्वाच्या देखरेखीखाली, मनापासून दाबूनही शकूचं नाक हुबेहूब माझ्यासारखं आलं होतं. तान्ही असताना ते कळत नव्हतं. मोठी झाल्यावर लपवायला जागा उरली नाही. मी शकूला मागे ओढायला गेलो, पण ती केव्हाच पुढे झाली होती.

चंद्रव्वाची बोटं तिच्या कपाळावरून खाली आली. मधे जिथं काहीतरी लागायला हवं तिथं काहीच लागलं नाही, तशी थबकली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. मग तिनं दुसरा हात पुढे केला. "मास्तर, तुमी या." एक हात शकूच्या नाकावर, एक माझ्या. आंधळी म्हातारी दोन्ही नाकं चाचपत राहिली. गोदावरीचे हात थांबले.

"ह्ये तर येकच हाय," ती म्हणाली.

"आमच्या आजोबांचंही असंच होतं, चंद्रव्वा. फोटो आहे घरात."

तिची बोटं पुन्हा एकदा शकूच्या नाकावरून फिरली.

"म्हंजे मी भ्याले म्हून न्हवं?"

"नाही."

"आईची शपत?"

"आईची शपथ."

तिनं मोठा श्वास सोडला. न दिसणारे डोळे भरून आले, आणि दात नसलेल्या तोंडानं ती हसली. आणि मग एकदम, जुन्या ठसक्यात म्हणाली, "बाकीची मातर माझीच हायत!"

भूगोलाच्या मास्तराला इथे एक शंका यायला हवी होती. ती आलीही. पण मी म्हणालो, "तुझीच. सगळ्या पेठेची."

निघताना तिनं माझा हात धरला. "वाका जरा. त्या टायमाला ऱ्हायलंय, येकदा दाबू द्या."

मी चष्म्याचा दोरा सोडला आणि वाकलो. तिनं तळवा गालाला लावून पाहिला, अंगठा माझ्या नाकाच्या मुळाशी ठेवला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला. हात जरासुद्धा कापला नाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नाक इतकं दाबलं की कुणाच्याही येतं, असं मी वाटेत गोदावरीला सांगितलं. तिचं नाक कुणी दाबलं नव्हतं, तरी ती पदरानं डोळे पुसत चालली होती.